तिसरं पाणी

गतिरोधकावरून बजाज रिक्षा उसळली आणि अस्कालेचं डोकं वरच्या ताडपत्रीला आपटलं. हवासा शहरातला रिक्षावाला डोळे मिटून सांगेल कुठला उंचवटा कुठे आहे, पण हा डोळे उघडे ठेवून मागे वळून बोलत होता, पेट्रोलच्या रांगेत पहाटेपासून कसा उभा होता ते. "लागलं का ताई?" त्यानं विचारलं. "लागलं तर काय करणार आहेस?" ती म्हणाली. तेवढ्यात समोरून वाळूचा ट्रक गेला, धूळ आत घुसली आणि अस्कालेनं पर्समधून रुमाल काढून नाकाला लावला. तिथेच तिचं सगळं थांबलं. म्हणजे बजाज चालली होती, रिक्षावाला बोलत होता, मासळीबाजाराच्या भिंतीवर टकलू बगळे सरकारी कारकुनांसारखे मान खाली घालून बसले होते, ते सगळं चालूच होतं. पण तिला ते दिसेना. रुमालात सीताफळ होतं. फुटायला आलेलं, देठाशी काळं पडलेलं सीताफळ, आणि त्याच्या मागे रानातला मध, पोळ्यातल्या मेणासकट. तिनं रुमाल दूर धरला, पुन्हा नाकाशी नेला. मध होताच.

असलं काही तिनं खाल्लं नव्हतं. कॉफीच्या चाखणीच्या दिवसांत ती कोरडा पाव आणि मीठ न घातलेला उकडलेला बटाटा खात असे. मासे नाहीत, कांदा नाही, मिरची नाही, वासाचा साबण नाही, केसांना लोणी नाही. अकरा वर्षं असंच चाललं होतं आणि शेजारणी म्हणायच्या, एवढं व्रत करून नन झाली असती तर स्वर्ग तरी मिळाला असता. मग हा वास आला कुठून? सकाळचं टेबल तिनं डोळ्यांपुढे आणलं. बारा नमुने, प्रत्येकाचे पाच कप. शेवटचा एकशे सतरा क्रमांकाचा. तो चाखून झाल्यावर चमचा धुवायचा कंटाळा केला आणि याच रुमालाला पुसला, कारण जेवणाची सुट्टी झाली होती आणि तिला उशीर झालेला चालत नसे. म्हणजे चमच्याच्या खळग्यात राहिलेला एक थेंब, थंडगार झालेला, रुमालात मुरला होता. म्हणजे हा एकशे सतरा. त्याला तिनं शंभरपैकी त्र्याऐंशी गुण दिले होते. लिंबाचा आंबटपणा, अंगानं पातळ, शेवट आखूड, असं आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहून खाली सही केली होती.

"गाडी वळव," ती म्हणाली.

"कुठे? घर तर पुढे ना तुमचं?"

"जिथून आणलंस तिथे."

"गॅस चालू राहिला का ताई? आमच्या हिचं पण असंच. चर्चमध्ये प्रार्थनेला डोळे मिटले की हिला गॅस आठवतो."

"हो रे बाबा, गॅसच. वळव."

वळला खरा, पण मनासारखा वेगात जाईना, आणि अस्काले मागे बसून त्र्याऐंशी या आकड्याकडे बघत राहिली. सत्त्याऐंशीच्या वर गेलेले नमुने राजधानीत, अदिसला, मोठ्या स्पर्धेला जाणार होते. खाली राहिलेले परत गोदामात, बाकीच्या गोण्यांत मिसळून एक होणार, आणि कुठल्या डोंगरावरच्या कोणी ते दाणे बोटांनी निवडले, चटयांवर उलटेपालटे केले, ते कोणालाही कधी कळणार नाही. आज संध्याकाळी गुणांच्या पाकिटांवर लाखेचं सील बसणार होतं. सील बसलं की देवानं येऊन सांगितलं तरी आकडा हलत नाही. आणि तिचा आकडा तर सील नसतानाही कोणी हलवत नसे. 'अस्कालेचा पहिला घोट' अशी म्हणच पडली होती हवासाच्या चाखणीघरात. इतर लोक कपाभोवती घुटमळत, तिसऱ्यांदा-चौथ्यांदा सुर्रकन ओढत, एकमेकांच्या कागदावर तिरपी नजर टाकत. ही एकदा वाकायची, एकदा ओढायची, थुंकायची आणि लिहायची. नवे लोक तोंडात बोट घालून बघत राहायचे.

आज सकाळी मात्र मेलात बोलली होती. मेलात म्हणजे टेबलावरची सगळ्यात तरुण चाखणीदार, अदिसची पोर, कानात कायम काहीतरी लोंबत असतं. ती एकशे सतराच्या कपाशी वाकून म्हणाली, "ताई, हा निवू दे ना जरा. हा अजून बोललाच नाही." आणि अस्काले सगळ्यांदेखत म्हणाली, "निवलेल्या कॉफीची वाट बघत बसणाऱ्या बायका जन्मभर दुसऱ्यांचे कप विसळतात. लिही आणि पुढे चल." लोक हसले. मेलातनं कागदावर अठ्ठ्याऐंशी लिहिलं होतं ते तिनं खोडरबरानं पुसलं, चौऱ्याऐंशी केलं, आणि रबराचा चुरा तळहातानं बाजूला सारला. तो चुरा आता अस्कालेला स्पष्ट दिसत होता. आपण एवढं तोडून का बोललो? मुलगी काही चुकीचं म्हणत नव्हती. कागदावर रकानेच तीन होते, कढत, कोमट आणि थंड. तिसऱ्यांदा वाकलंच पाहिजे, असा नियमच होता. आणि नियम होता म्हणून अस्कालेही तिसऱ्यांदा वाकायची, चमचा ओठाशी न्यायची, मोठा आवाज करून नुसती हवा ओढायची आणि थुंकल्यासारखं करायची. तिसरा रकाना ती पहिल्या रकान्याकडे बघून भरत आली होती. अकरा वर्षं. जिभेवर पोट भरणाऱ्या बाईनं अकरा वर्षं थंड कॉफीचा थेंब जिभेवर घेतला नव्हता, आणि हे कोणाला माहीत नव्हतं. स्वतःला तरी तिनं कुठे माहीत होऊ दिलं होतं?

थंड कॉफी म्हणजे तिसरं पाणी. ती सहा वर्षांची असताना आई गेली, वडील ज्या दिशेला कामाला गेले तिकडचेच झाले, आणि तिला डोंगरातल्या बेन्साला काकांच्या घरी आणून सोडलं. होयिसो काका, शिताये काकू आणि त्यांचे तीन मुलगे. बांबूचं गोल घर, मागे केळीसारखी दिसणारी पण केळं न देणारी एन्सेतची दाट राई, आणि त्या राईच्या सावलीत कॉफी. काकू दिवसाला तीनदा दाणे भाजायची, कुटायची, आणि काळ्या मातीच्या जेबेनात उकळायची. पहिलं पाणी काकांना आणि पाहुण्यांना. ते दाट, काळं, त्यात चिमूटभर मीठ. मग त्याच गाळावर पुन्हा पाणी, ते मुलग्यांना आणि शेजाऱ्यांना. मग तिसरं. त्याला बरका म्हणायचे, म्हणजे बरकत. ही बरकत अस्कालेच्या वाट्याला यायची, आणि तीही लगेच नाही. आधी जमीन झाडायची, गाईंना आत घ्यायचं, कप विसळायचे, मग कोपऱ्यात झाकून ठेवलेला तिचा कप तिला मिळायचा, पार गार झालेला. थोरला बारिसो म्हणायचा, "पी पी, आमचं धुवण पी." मधला म्हणायचा, "तिसऱ्या पाण्याची पोर." धाकट्याला नीट बोलताही येत नव्हतं, पण एवढं येत होतं. तेव्हा तिनं ठरवलं होतं, मोठी होईन तेव्हा पहिलं पाणी पिईन, कढत, जीभ भाजली तरी बेहत्तर. आणि झालीच की मोठी. देशातल्या भल्याभल्या बागांची कॉफी तिच्यापुढे कढत येऊन उभी राहायची आणि तिच्या एका घोटाची वाट बघायची. जिंकलं होतं तिनं. मग रुमालातल्या एका थेंबासाठी गाडी का वळवावी?

बजाज चाखणीघराच्या दारात थांबली. "गॅस बंद करा आणि या, मी थांबतो," रिक्षावाला म्हणाला. "वेळ लागेल," ती म्हणाली, "फार वर्षं चालू राहिलाय."

मातेवोस साहेब पाकिटं ओळीनं मांडून लाखेची कांडी शोधत होते. ते चाखणीघराचे प्रमुख, स्वभावानं भित्रे, आणि भित्र्या माणसाला असते तशी त्यांची अस्कालेवर मोठी श्रद्धा होती. जिन्यावर तिनं मनात तीन-चार तऱ्हा रचल्या होत्या. नमुना नीट भाजला गेला नव्हता असं म्हणता येईल. पाण्याचं काहीतरी म्हणता येईल. मेलातला शंका आहे, पोरीचं मन राखू या, असं तर फारच शोभून दिसलं असतं. ताकाला जाऊन भांडं लपवायच्या तिला सगळ्या रीती येत होत्या. पण दारातून आत आली आणि तोंडातून भलतंच निघालं.

"साहेब, माझ्या टेबलाचे बाराही नमुने पुन्हा चाखायला हवेत. माझा तिसरा रकाना खोटा आहे."

"आजचा?"

"आजचा. कालचा. पहिल्या दिवसापासूनचा. मी थंड कॉफी कधी चाखलीच नाही."

मातेवोस साहेबांनी दार लावलं, मग पुन्हा उघडलं, कारण लावलेलं दार बघून लोक जास्त ऐकतात. "अस्काले," ते हळू आवाजात म्हणाले, "बाकीच्या टेबलांवर तुझ्या नावानं शपथा घेतात. गप्प घरी जा. एका नमुन्यानं काय होतं?"

"ते तो नमुना ज्यानं पिकवला त्याला विचारा."

"तो कोण ते तुलाही माहीत नाही, मलाही नाही."

"म्हणूनच तर. त्याच्या वतीनं दुसरं कोण बोलणार?"

"आणि मागच्या वर्षांचं? ते काय करायचं?"

 किती जण आपल्या चमच्याखालून गोदामात परत गेले असतील, हा विचार जिन्यावरच तिच्या मागे लागला होता आणि तो आता जन्मभर मागे राहणार हे तिला दिसत होतं. "मागचं मला आणता येत नाही," ती म्हणाली. "लिहून देते. खुर्ची ठेवायची की काढायची ते तुम्ही ठरवा. पण आजचं अजून हातात आहे." तिनं कागद ओढला आणि त्याच टपोऱ्या अक्षरात सगळं लिहिलं, सही केली. साहेबांनी तो वाचला, चार घड्या करून खिशात घातला आणि लाखेची कांडी टेबलावर ठेवली. "सील संध्याकाळी," ते म्हणाले. "त्याच्या आत काय चाखायचं ते चाखा. मेलातला टेबलाच्या डोक्याशी उभी कर. तू शेवटी."

टेबलाच्या शेवटी तिची उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. डब्यांतले उरलेले दाणे दळले गेले, पाणी पडलं, कपांवर सायीसारखा जाड थर आला, मेलातनं चमच्यानं तो फोडला आणि वाफ वर आली. कढत चाखून झालं. अस्कालेला पुन्हा लिंबूच लागलं, तेच पातळ अंग. तिनं पुन्हा त्र्याऐंशी लिहिलं, आणि या वेळी तो आकडा खरा होता, कारण पुढचे दोन रकाने कोरे होते. कोमटाला थोडं काहीतरी सरकलं, पण काय ते सांगता येईना. मग वाट बघायची होती. तेच तिला येत नव्हतं. लोक खिडकीशी जाऊन उभे राहिले, कोणी कुजबुजलं, कोणी तिच्याकडे बघून नजर फिरवली, आणि ती कपांजवळ स्टुलावर बसून राहिली. वाफ आधी दाट होती, मग विरळ झाली, मग नाही. कपाला बोट लावलं तर ऊब होती. बेन्साला अशीच ऊब जाण्याची वाट बघितली जायची का? नाही, तेव्हा ती झाडत असायची. झाडू, गाई, कप. शेवटचा कप विसळून झाला की काकू म्हणायची, ये गं, बस. आणि ती बसायची, चुलीपाशी, काकूच्या गुडघ्याला गुडघा लावून. काकूच्या हातात काय असायचं? तिनं डोळे मिटले. काकूचा हात दिसला, अंगठ्याला कुटण्याचा घट्टा पडलेला, आणि त्या हातात कप. काकूच्या हातात पण कपच होता. रोज. झाकून ठेवलेले कप दोन असायचे. पहिल्या पाण्याच्या वेळी काकू ओतत असायची, दुसऱ्याच्या वेळी लाह्या वाटत असायची. ती तिसरंच प्यायची, गार, अस्कालेबरोबर, आणि चुलीकडे बघत हसायची. चाळीस वर्षं अस्कालेनं त्या आठवणीत स्वतःचा एकटीचा कप बघितला होता. शेजारचा तिला दिसलाच नव्हता.

"ताई, निवलं," मेलात म्हणाली. आवाजात सकाळचा राग नव्हता, आणि त्याचीच अस्कालेला लाज वाटली. "तू आधी," ती म्हणाली. मेलात वाकली, ओढलं, थुंकली, आणि कपाकडे बघत राहिली. एकेक जण वाकला. मग अस्काले. चमच्यात घेतलेलं ओठाशी आलं तेव्हा सवयीनं नुसती हवा ओढायला छाती फुगली, आणि मग तिनं खरंच ओढलं.

सीताफळ होतं. मध होता. ते तर रुमालानं सांगितलंच होतं. पण त्याच्या मागे ओली एन्सेतची पानं होती, सकाळच्या धुक्यात बांबूच्या भिंतीला येतो तो वास होता, आणि घोट गेला तरी चव जाईना, घशाशी, मग कानांच्या मुळाशी, मग डोळ्यांत. थुंकायचं भांडं शेजारी होतं. तिनं ते बाजूला सारलं. चमचा ठेवला, कप दोन्ही हातांनी उचलला आणि सगळ्यांसमोर तळापर्यंत प्यायली. चाखणीघरात कोणी कॉफी पीत नाही. तिथे कॉफी पिणं म्हणजे सोनारानं दागिना घालून बसणं. मातेवोस साहेबांनी डोळे मोठे केले. "चालेल," मेलात हळूच म्हणाली, "नमुन्याचे अजून चार कप आहेत." कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले, सकाळचं हसू नव्हे ते.

अस्कालेनं एक्याण्णव लिहिलं. तिनं अकरा वर्षांत नव्वदच्या वर आकडा लिहिला नव्हता, लिहिताना नऊचं शेपूट जरा वाकडं गेलं. मेलातच्या कागदावर साडेनव्वद होते, तिनं खोडरबर हातातही घेतलं नव्हतं. बाकीच्यांचेही त्याच आसपास. उरलेल्या अकरांतले नऊ जिथल्या तिथे राहिले, एक खाली आला आणि आणखी एक सत्त्याऐंशीच्या वर चढला. लाख वितळली, सील बसलं. साहेब खिशातल्या घडीवर हात ठेवून म्हणाले, "याचा निकाल लागेल तो लागेल. उद्यापासून तू टेबलाच्या शेवटीच उभी राहा." "राहते," ती म्हणाली. तिला खरंच दुःख झालं नाही, आणि झालं नाही याचं नवल वाटलं. शेवटच्या माणसाच्या वाट्याला कप निवून येतात, हे साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं.

बाहेर ऊन उतरलं होतं. ती चालतच तळ्याकडे निघाली. ऊर असा भरून आला होता की बजाजमध्ये मावला नसता. कोळी जाळी आवरत होते, पोरी भाजलेली कणसं विकत होत्या, आणि तिच्या जिभेवर एकशे सतरा अजून होता, पाऊल टाकील तसा नवा. कोणाचा असेल? असो कोणाचाही. अदिसला जाऊन तो भल्याभल्यांना वाट बघायला लावणार होता. पण चालता चालता एक कुसळ टोचायला लागलं. ही चव तिला ओळखीची होती. लहानपणीची, काकूच्या चुलीपाशीची, हीच, एवढीच भरलेली. आणि तिसरं पाणी असं असू शकत नाही. दोनदा उकळून काढलेल्या गाळात ना मध उरतो ना सीताफळ. जीभ खोटं बोलत नव्हती, आणि धंदाही सांगत होता की हे होणं शक्य नाही. तळ्याच्या कठड्यावर बसून तिनं बेन्साला फोन लावला.

"कोण?" शिताये काकू ओरडली. फोनवर ती नेहमी डोंगरापलीकडच्या माणसाशी बोलावं तशीच बोलायची.

"मी गं, अस्काले. काकू, तिसऱ्या पाण्यात तू काय घालायचीस?"

पलीकडून कोंबड्यांचा आवाज, आणि दूर कोणा पुरुषाचं खोकणं.

"तुला कोणी सांगितलं?" काकूचा आवाज एकदम कुजबुजीवर आला.

"जिभेनं."

"लावलास म्हणायचा तपास. चाळीस वर्षांनी." काकू दाराबाहेर आली असावी, कारण वारा ऐकू यायला लागला. "अगं, पुरुष उठून गेले की मी कमरेची पुरचुंडी सोडायचे. जुना गाळ झाडाला, आणि मूठभर ताजी कॉफी आत. राईच्या वरच्या बाजूच्या झाडांची. एकेक फळ मी हातानं तोडलेलं, पार काळपट लाल झालेलं. तुझ्या काकांच्या दोस्तांना काय, खाली पडलेले दाणे कुटून घातले आणि वर मीठ टाकलं तरी वाहवा म्हणायचे. ती कशाला त्यांच्यावर खर्ची घालू?"

"आणि गार का करायचीस?"

"कढत असताना वास घरभर जातो. बारिसोचं नाक तुला माहीत आहे."

अस्काले हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला तिनं रुमाल काढला आणि तोच रुमाल निघाला. "काकू, मला सांगायचंस तरी. ते मला धुवण म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं."

"सहा वर्षांची तू. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिघं रांगेत उभे. मला वाटलं, रोज पितेय, हिला कळत असेलच. तोंड होतं ना तुला? मुलांचं कशाला ऐकत बसलीस?"

कशाला ऐकत बसले, हे अस्कालेलाही सांगता आलं नसतं. सगळा देश जिच्या जिभेवर विश्वास ठेवतो तिनं त्या एका कपापुरता आपल्या कानांवर ठेवला होता. "येत्या आठवड्यात येते," ती म्हणाली. "दोन दिवस राहते. अजून करतेस ना तिसरं पाणी?"

"हळू बोल," काकू म्हणाली. "तुझ्या काकांचं दुसरं पाणी चाललंय अजून."